गळाच्या स्पर्धेत मासा तोलू नका, मोजा आणि सोडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात मध्यंतरी कोकणातल्या एका फिशिंग स्पर्धेची बातमी आली होती, सोबत चांगला चार कॉलमी फोटो, जबड्यातनं दोरी ओवून लटकवलेला भला मोठा जिताडा, शेजारी विजेता आणि खाली वजन ठळक टायपात. आमच्या गळवाल्यांच्या ग्रुपवर दिवसभर अभिनंदन चाललं होतं. मासा खरंच जबरदस्त होता आणि असला जिताडा रॉडवर खेळवून काठाला आणणं हे येरागबाळ्याचं काम नाही, त्या भावाच्या कसबाला माझा पण सलाम. पण तो फोटो बघितल्यापासनं एक गोष्ट मनात आहे आणि ती आपापसात बोलून भागणारी नाही म्हणून पेपरलाच लिहितोय. समुद्रातल्या गळाच्या स्पर्धा वजनावर घेणं आता बंद झालं पाहिजे. लांबीवर घ्या, मासा मोजा, फोटो काढा आणि जिवंत परत पाण्यात सोडा.

कोल्हापूरच्या माणसाला समुद्राचं काय पडलंय असं कुणाला वाटेल म्हणून आधी तेवढं सांगतो. आपल्याकडं गळाचा नाद जुना, रंकाळा, कळंबा, पंचगंगेचे डोह, राधानगरीचं धरण, हे सगळं करून झाल्यावर पोरं गेल्या काही वर्षांत खाली कोकणात उतरायला लागली. शनिवारी काम सुटलं की गाडीत रॉड टाकायचे, गगनबावड्यावरनं करूळ घाट नाहीतर राधानगरीवरनं फोंडा घाट, २०२४ ला करूळ घाट रस्त्याच्या कामासाठी बंद झाला तरी कुणी थांबलं नाही, वळसा घालून जात होते, आणि उजाडायच्या आत देवगड, विजयदुर्ग, आचरा नाहीतर मालवण गाठायचं. आमचा क्लब म्हणजे काही मोठी संस्था नाही, पेठांतली काही, उद्यमनगरात काम करणारी काही, दोन-तीन इचलकरंजीची अशी मंडळी एकत्र आली आणि क्लब झाला. आपापसात स्पर्धा घेतो, कोकणातल्या क्लबांनी बोलवलं की तिकडं जातो.

ज्यांनी अशी स्पर्धा बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एंट्री फी भरायची, टीम करायची, पहाटे सगळ्यांनी एकदम सुटायचं, कुणी होडीतनं, कुणी खडकावरनं, कुणी खाडीच्या तोंडाशी. दुपारी ठरलेल्या वेळेला बर्फाच्या पेट्या घेऊन मांडवात यायचं आणि काट्यावर मासे तोलायचे. सगळ्यात जड मासा त्याला पहिलं बक्षीस, आणि बऱ्याच ठिकाणी एकूण वजनाचं वेगळं बक्षीस असतंय. हे एकूण वजनाचं बक्षीस तर सगळ्यात वाईट, कारण मग माणूस काहीच सोडत नाही, वीतभर गोबरा, बोटाएवढे शेंगाळे, जे लागेल ते पेटीत जातंय. दुपारी मांडवात त्या पेट्या उपड्या करतात ना, तेव्हा त्या ढिगात डोळे मोठे आणि अंग लहान असली कितीतरी पिल्लं दिसतात आणि ती नंतर कुणीच घरी नेत नाही.

आता जिताड्याचंच घ्या, कारण सगळ्या स्पर्धा शेवटी जिताड्याभोवतीच फिरतात. जिताडा जन्माला येतो, मोठा होतो, पहिल्यांदा वयात येतो तो नर म्हणून. तीन-चार वर्षांचा झाला की नर म्हणून पैदाशीत भाग घेतो आणि पुढं साधारण सहा ते आठ वर्षांचा झाला, अंगानं भरला की त्याची मादी होते. हे ऐकून आमच्यातले पण काही जण आधी हसले होते, पण मत्स्यशास्त्रात ही गोष्ट कधीची पक्की झालेली आहे, जिताड्याची शेती करणाऱ्यांना तर ती माहीत असावीच लागते. याचा सरळ अर्थ असा की आपण ज्याला ट्रॉफी म्हणतो तो मोठा जिताडा जवळजवळ नेहमी मादी असतो, आणि एका मोठ्या मादीच्या पोटात अंडी हजारात नसतात, लाखांच्या पुढं असतात. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यात ती अंडी सोडते, पिल्लं भरतीबरोबर आत खाडीत, खारफुटीत, पार गोड्या पाण्यापर्यंत शिरतात. म्हणजे एका खाडीत अशा मोठ्या माद्या असणार किती, आणि आपण बक्षीस ठेवतोय नेमकं त्यांच्यावरच. वजनावरच्या स्पर्धेचा नियम असा आहे की जी मादी सगळ्यात जास्त पिल्लं देणार तिला जो आधी मारेल त्याला कप. कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, बियाण्याचं पोतं कुणी आधी दळायला टाकतं का.

गोबऱ्याचं याच्या उलट आहे, तो आधी मादी असतो आणि मोठा झाला की नर होतो. म्हणजे मोठे गोबरे सगळे काढले तर त्या खडकावर नरच कमी पडणार. आणि गोबरा काही फिरस्ता मासा नाही, तो आपली कपार धरून बसतो, त्यामुळं एका पॉइंटवरचे मोठे गोबरे एकदा संपले की तो पॉइंट बरीच वर्षं मोकळा राहतो, हे मालवणचे जुने गरवणारे कुणीही सांगतील, त्याला पुस्तक लागत नाही.

तांबोशी मला स्वतःला सगळ्यात आवडते. खाडीत खारफुटीच्या मुळांजवळ लुअर, म्हणजे गळ लावलेला खोटा मासा, टाकला आणि तांबोशीनं धरला की ती पहिल्याच झटक्यात मुळात शिरायला बघते, दोन सेकंदात लाईन तुटते नाहीतर मासा आपला होतो, असली ताकद तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या माशात मी बघितली नाही. तर ही तांबोशी लहानपण काढते खाडीत आणि वयात आली की बाहेर खोल समुद्रात खडकांवर जाऊन अंडी घालते. म्हणजे खाडीत आपल्याला जी लागते ती अजून एकदाही व्यायलेली नसते. आणि ही तीस-तीस वर्षांच्या वर जगणारी जात आहे, वाढ सावकाश. अशा माशाची खाडीतली पोरं पेटीत भरायची आणि वर म्हणायचं की मासा पूर्वीसारखा राहिला नाही.

इथं एक उत्तर हमखास येतं, की बाबा ट्रॉलरवाले टनानं मारतात, पर्ससीनवाले गोल जाळं टाकून आख्खा थवा उचलतात, एलईडी लावून रात्रीची मासेमारी बंदी असून चोरून चालते, तिथं आमच्या चार माशांनी समुद्र रिकामा होतोय का. यात तथ्य आहे आणि मालवणचे रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरनं जाळं ओढणारे, आणि छोटे मच्छीमार त्याविरुद्ध किती वर्षं भांडतायत ते आपल्याच पेपरात वाचतो, माझा त्यांना पूर्ण पाठिंबा आहे. पण दोन गोष्टी आहेत. एक तर मच्छीमाराचं त्यावर पोट आहे, आपला तो छंद आहे, दोन्ही एका तागडीत घालता येत नाही. सरकारनं १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद म्हटलं की त्यांच्या बोटी वर ओढल्या जातात, दोन महिने कमाई नाही, ते सोसतात. आणि त्याच दोन महिन्यांत आपल्यातले काही जण खाडीच्या तोंडाशी रॉड घेऊन उभे असतात, अंडी घालायला आलेल्या जिताड्याच्या मागं. बंदी यांत्रिक बोटींना आहे, रॉडला नाही, असं ते सांगतात. कायद्यानं बरोबर असेल, मला ते पटत नाही आणि पटणार पण नाही. दुसरी गोष्ट, ट्रॉलर लांब समुद्रात जाळं ओढतो, खाडीतली खडपं आणि खारफुटीची मुळं ही जागा प्रामुख्यानं गळवाल्यांची आहे. तिथल्या मोठ्या माशाचं जे काय होईल त्यात आपला वाटा मोठा आहे.

आता सोडायचं कसं, कारण बरेच जण म्हणतात सोडलेला मासा तसाही मरतोच, मग सोडून काय उपयोग. चुकीचा सोडला तर मरतो, हे खरंय. म्हणून सगळं अवलंबून आहे ते माशाला हाताळायच्या पद्धतीवर. आमच्या क्लबात आम्ही आता लांबीवरच स्पर्धा घेतो, त्यामुळं जे करतो तेच सांगतो. लुअरला कंपनीचे तीन टोकांचे दोन-दोन गळ येतात ते काढून एकेरी गळ लावायचे आणि त्याचा काटा, म्हणजे बार्ब, पक्कडीनं दाबून सपाट करायचा. पहिल्यांदा सगळ्यांना भीती होती मासा सुटेल म्हणून, लाईन ताणात ठेवली तर सुटत नाही, आणि गळ काढायला क्षणभर पुरतो. जिवंत कोळंबी लावून बसणाऱ्यांनी सर्कल हूक, म्हणजे टोक आत वळलेला गोल गळ, वापरायचा, तो पोटात न जाता जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, फक्त झटका मारायचा नाही, रॉड सावकाश उचलायचा. गळ पोटात गेलाच तर ओढाओढ करायची नाही, लाईन जवळ कापून सोडून द्यायचा, ओढून आतडी फाडण्यापेक्षा मासा तसा जगायची शक्यता जास्त असते.

मासा होडीजवळ आला की जाळी रबराची पाहिजे, दोऱ्याची जाळी अंगावरचा बुळबुळीत थर ओरबाडून काढते आणि तो थर म्हणजे माशाचं रोगापासनं संरक्षण आहे. हात आधी पाण्यात भिजवायचे. कोरड्या फडक्यानं धरायचा नाही, तापलेल्या पत्र्यावर टाकायचा नाही. आणि मोठा मासा जबड्याला ग्रिपर, म्हणजे पकडायचा चिमटा, लावून उभा लटकवायचा नाही, आख्खं वजन जबड्यावर आणि मणक्यावर येतं, सोडल्यावर पोहत गेला तरी आतनं मोडलेला असतो. एक हात पोटाखाली, एक शेपटीच्या मुळाशी, आडवा.

मोजायला आम्ही फ्लेक्सवाल्याकडनं सेंटीमीटरची पट्टी मोठ्या आकड्यात छापून घेतली, कोल्हापुरात फ्लेक्सला काय तोटा, आणि ती अर्ध्या कापलेल्या पीव्हीसी पाइपात चिकटवली, एका टोकाला आडवी फळी. पाइप आधी पाण्यात बुचकळायचा, मासा त्यात ठेवायचा, नाक फळीला टेकलं पाहिजे, शेपूट सरळ, शेजारी त्या दिवसाचं टोकन. टोकनावरचा आकडा पहाटे सुटतानाच सगळ्यांना कळतो म्हणजे कुणी जुना फोटो आणू शकत नाही. दोन फोटो, बस. बर्फ नाही, पेटी नाही. सगळं आधी तयार ठेवलं असेल तर मासा पाण्याबाहेर अर्धा मिनिट पण राहत नाही. मग प्रवाहाकडं तोंड करून पाण्यातच धरायचा, कल्ले उघडझाप करायला लागतात, आधी सावकाश, मग जोरात, आणि तो स्वतःच शेपटीचा फटका मारून हातातनं निसटतो, ढकलायचा नसतो. आमच्यातला एक जण, ज्याचा या सगळ्याला सगळ्यात जास्त विरोध होता, त्यानं आचऱ्याच्या खाडीत आपला जिताडा असा सोडला आणि तोंडावर पाणी उडालं तसाच होडीत उभा राहून ओरडत होता, गेला गेला, बघितलास का कसा गेला. आता तोच नवीन पोरांचे गळ तपासतो, कुणाचा बार्ब राहिला असेल तर होडीत बसू देत नाही.

खोल पाण्यातल्या माशाचं मात्र वेगळं आहे आणि हे आयोजकांनी नीट समजून घ्यावं. वीस-तीस मीटरवरनं गोबरा भराभर वर ओढला की त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, डोळे बाहेर येतात, पोट तोंडातनं बाहेर येतं. असा मासा वर सोडला तर उताणा तरंगत राहतो आणि समुद्री घारी टिपतात. त्याला सुई टोचत बसू नये, वजन लावलेल्या क्लिपनं परत खोल न्यायचा आणि तिथं सोडायचा, दाब मिळाला की पिशवी पूर्ववत होते. हे जमत नसेल तर स्पर्धेत खोल पाण्यातलं जिगिंग, म्हणजे जड लुअर तळापर्यंत सोडून झटके देत वर खेचणं, ठेवूच नये, सरळ नियम करावा.

वजन नसेल तर स्पर्धेला मजा काय, हा पण प्रश्न येतो. मला वाटतं उलट लांबीत चोरी कमी. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत ओहायो राज्यात लेक इरीवरच्या स्पर्धेत जिंकलेल्या जोडीचे मासे आकाराच्या मानानं फारच जड निघाले, आयोजकानं सगळ्यांसमोर पोटं फाडली तर आतनं शिशाचे गोळे बाहेर पडले, पुढं दोघांना कोर्टानं शिक्षा केली. काट्यावर मासा आला की असले प्रकार सुचतात. लांबी कशी वाढवणार. जागतिक विक्रम ठेवणारी आयजीएफए ही संस्था १९३९ पासनं आहे, तिनं सुद्धा २०११ पासनं मोजून जिवंत सोडलेल्या माशांचे लांबीचे विक्रम वेगळे ठेवायला सुरुवात केली. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडला जिताडा ५८ सेंटीमीटरच्या खाली असला तरी ठेवता येत नाही आणि १२० च्या वर असला तरी ठेवता येत नाही, लहान पण वाचला आणि मोठी मादी पण वाचली. आपल्याकडं २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांचं किमान आकारमान सरकारनं ठरवून दिलं, पापलेटला १३५ मिलिमीटर, हे फार चांगलं झालं. पण त्यात खालची मर्यादा आहे, वरची नाही. निदान स्पर्धेपुरती वरची मर्यादा क्लबांनी स्वतः घालून घ्यायला काय हरकत आहे, त्याला कुठल्या जीआरची वाट बघायला नको.

मासा खाऊच नका असं मी अजिबात म्हणत नाही. कोल्हापुरात तसं कोण ऐकून घेणार, आणि मी पण खातो. घरी न्यायला बांगडे न्या, मध्यम शेंगाळा न्या, रावस लागला तर एखादा न्या, आणि खरं म्हणजे मालवणच्या बाजारात लिलावातनं विकत घ्या, तिथल्या बाईला दोन पैसे मिळतील. माझं म्हणणं फक्त स्पर्धेबद्दल आहे, जिथं माणूस भुकेसाठी मारत नाही, कपासाठी मारतो.

अजून काही गोष्टी आयोजकांनी आधीच छापून द्याव्यात. राक्षसी गोबरा, म्हणजे जो दोन मीटरच्या पुढं वाढतो तो, २००१ पासनं वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे, लागला तर पाण्यातच लाईन कापायची, फोटोसाठी वर घ्यायचा नाही. मालवणला १९८७ पासनं सागरी अभयारण्य आहे, सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाभोवतीचा भाग त्याच्या गाभ्यात येतो, बाहेरगावनं आलेल्या कितीतरी जणांना हे माहीतच नसतं आणि ते किल्ल्याच्या तटाखाली जाऊन रॉड टाकतात. तुटलेली लाईन खडकावर सोडायची नाही, पक्ष्यांच्या पायात आणि कासवांच्या पंखात अडकते, प्रत्येकानं खिशात एक डबी ठेवली तर प्रश्न मिटला.

आणि जिवाचं. स्पर्धेची वेळ सकाळी सहा ते दोन अशी सोयीनं ठेवतात, भरती-ओहोटी कुणी बघत नाही. कोकणातली माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, इतकं सोपं आहे, तरी अमावास्येच्या उधाणाला लोकांना पुढच्या खडपावर उभं केलं जातं आणि मागचा रस्ता पाण्याखाली जातो. घाटावरच्या माणसाला हे पाणी कळत नाही, धरणातलं पाणी असं मागनं येत नसतं. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था उंच लाटांचे इशारे रोज देते, ते बघून स्पर्धा पुढं ढकलायची तयारी पाहिजे, आणि लाइफ जॅकेट नसेल तर खडकावरच्याला पण उतरू द्यायचं नाही, होडीतल्याला तर नाहीच.

संपादक साहेब, आपल्याकडं माझी एकच विनंती आहे. कोकणातल्या आणि आपल्या भागातल्या क्लबांना कप आणि रोख रकमेपेक्षा पेपरातला फोटो जास्त मोलाचा वाटतो, हे मी आतला माणूस म्हणून सांगतोय. तुम्ही दोरीला लटकवलेला मासा छापणार नाही आणि पाण्यावर आडवा धरलेला, मोजून सोडलेला मासा तेवढ्याच आकारात छापणार, वजनाच्या जागी लांबी देणार, एवढं जरी ठरवलंत तरी पुढच्या सीझनला निम्म्या स्पर्धांचे नियम आपोआप बदलतील. आमची पुढची स्पर्धा नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळला की आहे. तारीख ठरली की आपल्या कार्यालयात आणून देतो. होडीत एक जागा आपल्या बातमीदारासाठी आणि एक फोटोग्राफरसाठी राखून ठेवतोय, लाइफ जॅकेट आमच्याकडचं, फक्त आदल्या रात्री अकरापर्यंत रंकाळा स्टँडला यावं लागेल.

आपला,
गळ टाकणारा एक वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर